खासगी विद्यापीठातली पत्रकारितेची पदवी: पैसे भरण्याआधी काय तपासावं?

बारावीचा निकाल लागला की दारव्हा, मेहकर, हिंगणघाट, ब्रह्मपुरीकडच्या घरांत खासगी विद्यापीठांचे फोन सुरू होतात. मुलीनं किंवा मुलानं कुठल्याशा फॉर्मवर ‘आवड : पत्रकारिता’ असं लिहिलेलं असतं, तेवढं पुरतं. "दादा, जागा भरत आल्यात, आज थोडे पैसे भरून सीट पक्की करून घ्या," असं पलीकडून सांगितलं जातं. त्या दिवशी काहीही भरू नका. तीन-चार वर्षांची फी, खोलीभाडं आणि मेस मिळून ही रक्कम शेतीवर चालणाऱ्या घराला फार मोठी असते. ती योग्य ठिकाणी जाते आहे का, हे आठ-दहा दिवस खर्चून घरबसल्या बरंचसं तपासता येतं.

आधी पदवी खरी आहे का ते बघा

यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, १९५६ च्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार केंद्र किंवा राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेल्या आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना, तसंच संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. यूजीसीच्या वेबसाइटवर राज्य खासगी विद्यापीठांची आणि अभिमत विद्यापीठांची वेगवेगळी यादी असते. पूर्ण नाव, अगदी स्पेलिंगसकट, त्या यादीशी जुळवा. बोगस विद्यापीठांची यादीही तिथेच मिळते आणि तिच्यात नागपूरचा पत्ता असलेलं एक नाव अनेक वर्षं झळकत आलं आहे. तेव्हा हा धोका लांबचा समजू नका.

नागपूर किंवा अमरावती विद्यापीठाशी गावोगावची महाविद्यालयं संलग्न असतात. यूजीसीच्या २००३ च्या नियमांनुसार खासगी विद्यापीठाला अशी संलग्नता देता येत नाही. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी दोन गाळ्यांत ‘अमुक विद्यापीठाचं केंद्र’ थाटून कुणी पदवीचे प्रवेश घेत असेल, तर तिथून परत फिरा.

नॅक या उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेनं दिलेली श्रेणी जरूर बघा, पण ती संपूर्ण संस्थेची असते. अभियांत्रिकीच्या जोरावर चांगली श्रेणी मिळवलेल्या संस्थेचा पत्रकारिता विभाग दोन शिक्षकांवर चालत असू शकतो. शिवाय ती श्रेणी बहुधा पाच वर्षांसाठीच असते, त्यामुळे फलकावरची तारीख वाचा.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येते. तुमच्याकडून नेमक्या किती वर्षांची फी धरली आहे, हे लेखी घ्या.

माहितीपुस्तिका बाजूला ठेवा, अभ्यासक्रम मागा

सगळ्या सत्रांचे विषय आणि श्रेयांक (क्रेडिट) दाखवणारा पूर्ण अभ्यासक्रम मागून घ्या. त्यात वार्तांकन, संपादन, माध्यमविषयक कायदे आणि भाषा यांना किती जागा आहे आणि इव्हेंट मॅनेजमेंट, जाहिरात, जनसंपर्क यांना किती, हे मोजा. जाहिरात-जनसंपर्कात चांगली कामं आहेत, त्यात वावगं काही नाही. पण मुलीला बातमीदार व्हायचं असेल आणि निम्मा अभ्यासक्रम समारंभ कसे आखावेत यावर असेल, तर ती पदवी तिच्यासाठी नाही.

भाषेचा प्रश्न तर स्पष्टच विचारा. आपल्या भागातल्या मुलाला पहिलं काम बहुधा नागपूर, अकोला, अमरावतीतल्या मराठी दैनिकांत, वाहिन्यांत किंवा पोर्टलवर मिळतं. सगळे पेपर इंग्रजीत आणि मराठी बातमीलेखनाचा तास एकही नाही, अशी रचना असेल तर तो मुलगा तीन वर्षांनी दोन्ही भाषांत अर्धवट राहतो.

विद्यार्थ्यांनी लिहिलेलं मागा

माझ्या मते सगळा निवाडा इथेच होतो. विभागात गेलात की सांगा, "दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी लिहिलेल्या चार-पाच बातम्या दाखवा, शिक्षकांनी तपासलेल्या." छापलेलं प्रायोगिक वृत्तपत्र दाखवतील, तेही बघा, पण तपासलेली कच्ची कॉपी, म्हणजे बातमीचा मूळ मजकूर, सोडू नका.

त्या कॉपीत काय शोधायचं? समजा, विद्यार्थ्यानं लिहिलं आहे : ‘सोयाबीनला भाव नसल्याने शेतकऱ्यांमध्ये नाराजीचे वातावरण आहे.’ असं वाक्य रोज कुठे ना कुठे छापून येतं. चांगला शिक्षक त्याच्या शेजारी लिहितो : कोणती बाजार समिती? कोणत्या दिवशीचा भाव? कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती? २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, त्याच्याशी तुलना का केली नाही? खरेदी केंद्रावर माल परत गेला तो ओलाव्यामुळे का? ओलाव्याची १२ टक्क्यांची अट केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, हे केंद्रावरच्या माणसाला माहीत होतं का? ‘शेतकऱ्यांमध्ये’ म्हणजे किती जणांशी बोललास, आणि व्यापाऱ्याची बाजू कुठे आहे?

कॉपीवर असे प्रश्न असतील आणि मागे त्याच बातमीचा सुधारलेला दुसरा खर्डा जोडलेला असेल, तर तिथे पत्रकारिता शिकवली जाते. नुसती टिकमार्क आणि ‘छान’ असेल, तर इमारत कितीही चकचकीत असो, फी वाया जाईल.

असंच दुसरं काम म्हणजे माहितीचा अधिकार. विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष अर्ज करून घेता का, ते विचारा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून ग्रामपंचायतीकडं किंवा पाटबंधारे खात्याकडं अर्ज करायचा, तीस दिवस वाट बघायची, उत्तर आलं नाही तर अपील करायचं. हे एकदा स्वतः केलेला विद्यार्थी कागद वाचायला शिकतो. सातबारा, ग्रामसभेचा ठराव, एफआयआर, जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प यांतलं काहीही न हाताळता मुलं पदवीधर होतात, हे मला मनापासून खटकतं. मेळघाटातलं कुपोषण, चंद्रपूरकडचे वाघांचे हल्ले, गोसेखुर्द धरणग्रस्तांचं पुनर्वसन हे विषय आपल्या दारात आहेत. विभागानं गेल्या वर्षी मुलांना यांतल्या कुठल्या ठिकाणी नेलं, हे नक्की विचारा.

शिकवणार कोण?

वेबसाइटवरच्या यादीतली नावं घ्या आणि त्यांच्या अलीकडच्या बातम्या किंवा लेख शोधा. नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा झालेले पूर्णवेळ शिक्षक हवेतच, पण वृत्तपत्रात झिजलेला माणूसही हवा. २०२२ पासून यूजीसीनं ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या व्यावसायिकांना शिकवायला घेण्याची सोय केली आहे. ती या विभागानं वापरली का? मोठ्या संपादकाचा फोटो लावला असेल, तर ते सत्रात किती तास येतात, ते विद्यार्थ्यांकडून काढून घ्या.

स्टुडिओ बघा, पण त्यावर भाळू नका. आज बातमी मोबाइलवर शूट होते. कॅमेरे बाहेर न्यायला देतात का, एवढंच विचारलं तरी पुरे.

नोकरीचे आकडे सुटे करून घ्या

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या शब्दांना काहीच अर्थ नाही. मागच्या तुकडीत किती मुलं होती, त्यांतली किती पत्रकारितेत आहेत, कुठे, कोणत्या पदावर आणि बिनपगारी इंटर्नशिप नोकरीत मोजली आहे का, हे विचारा. विभागानं दिलेल्या नंबरवर अवलंबून न राहता लिंक्डइनवरून किंवा ओळखीतून दोन-तीन माजी विद्यार्थी स्वतः शोधा.

मुलाला गावाकडे परत येऊन काम करायचं असेल, तर तेही उघड बोला. तालुका वार्ताहराला बऱ्याचदा ठरलेला पगार नसतो आणि जाहिरातीच्या कमिशनवर भागवावं लागतं. लाखो रुपये फी भरून आलेल्या मुलाचं कर्ज त्यातून फिटत नाही. त्याच्यासाठी कमी खर्चाचा रस्ता बरा.

दुसऱ्या वाटेचा हिशेब शेजारी मांडा

भारतात पत्रकार व्हायला परवाना लागत नाही. जवळच्या अनुदानित महाविद्यालयातून मराठी, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्रात बी.ए. करून मग पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका घेणं ही चांगली वाट आहे. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेची पदविका शिकवतात. नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग आहे, वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठातही जनसंचार विभाग आहे. कागदावर दोन्ही वाटांचा एकूण खर्च लिहा आणि मुलांसमोरच लिहा.

शिष्यवृत्तीचं गृहीत धरू नका. अनुदानित महाविद्यालयात महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून जी फी माफ होते, ती स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठात तशीच होईल असं नाही. तुमचा प्रवर्ग, तो अभ्यासक्रम आणि ते विद्यापीठ तिन्ही सांगून समाजकल्याण किंवा इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात विचारा. आदिवासी विद्यार्थ्यांनी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जावं. ‘मिळून जाईल’ हे विद्यापीठाच्या काउन्सेलरचं तोंडी उत्तर धरू नका.

पैसे भरण्याच्या दिवशी

मूळ टीसी आणि गुणपत्रिका पडताळणीसाठी दाखवायच्या आणि परत घ्यायच्या. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे संस्थेला मूळ कागदपत्रं ठेवून घेता येत नाहीत. एका वेळी चालू सत्राची किंवा वर्षाचीच फी घेता येते, सगळ्या वर्षांची आगाऊ नाही.

प्रवेश रद्द केला तर परतावाही याच अधिसूचनेत ठरलेला आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते, फक्त प्रक्रिया खर्च कापला जातो आणि तोही भरलेल्या फीच्या पाच टक्क्यांपेक्षा किंवा ५,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. त्या तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असताना रद्द केला तर ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के आणि त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. तीस दिवस उलटले की काही नाही. काही वर्षी यूजीसीनं याहून सैल मुदती दिल्या आहेत, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रकही बघा.

पावती विद्यापीठाच्या नावाची घ्या, एजंटच्या नावाची नको. प्रवेशाची जाहीर शेवटची तारीख त्याच पावतीच्या मागे लिहून ठेवा.