मिनीडीव्ही कॅसेटवरचे विद्यार्थी-लघुपट संग्रहासाठी कसे उतरवावेत

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांचे आणि हौशी नाट्यमंडळांचे जे लघुपट आजवर माझ्या हाती आले, त्यांतले बहुतेक लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर चित्रित झालेले होते आणि त्यांची एकमेव अस्सल प्रत मिनीडीव्ही या लहान व्हिडिओ कॅसेटमध्येच होती. सीडी किंवा डीव्हीडीवर जे वाटले गेले, ती दाबून लहान केलेली नक्कल होती. म्हणून संग्रहाचे काम कॅसेटपासून सुरू करावे आणि डीव्हीडीकडे फक्त कॅसेट हरवली असेल तरच वळावे.

या कामाबद्दल जे सल्ले फुकट मिळतात, त्यांतला सर्वांत घातक म्हणजे ‘स्टुडिओत द्या, ते पेन ड्राइव्हवर करून देतील’ हा. स्टुडिओ जे करून देतो ते पाहण्यापुरते ठीक असते. ते जतन नव्हे. मीही सुरुवातीला हेच केले होते. कॅमेऱ्यातून टीव्हीकडे जाणारी पिवळी-लाल-पांढरी केबल एका स्वस्त यूएसबी उपकरणाला जोडून मी चाळीसेक कॅसेटी एमपीफोर करून घेतल्या आणि मूळ कॅसेटी ज्यांच्या त्यांना समाधानाने परत केल्या. चूक कळली तेव्हा त्यांतल्या निम्म्याअधिक कॅसेटी रद्दीत गेल्या होत्या किंवा बुरशीने खाल्ल्या होत्या. त्या लघुपटांची आज जी प्रत उरली आहे ती माझ्या त्या निकृष्ट एमपीफोरची आहे.

कॅसेट हाती आल्यावर

कॅसेटच्या मागच्या कडेला एक लहान सरकपट्टी असते, ती ‘सेव्ह’कडे सरकवावी, म्हणजे चुकून रेकॉर्डिंगचे बटण दाबले गेले तरी वरचे पुसले जाणार नाही. मग तिला एक क्रमांक द्यावा, आणि वेष्टणावर व लेबलवर जे लिहिले असेल त्याचे खोडलेल्या अक्षरांसकट छायाचित्र घ्यावे.

खिडकीतून रिळाकडे उजेडात पाहावे. टेपच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळीसारखे काही दिसले तर ती बुरशी असते, आणि अशी कॅसेट कोणत्याही कारणाने कॅमेऱ्यात घालू नये. मी एकदा ‘थोडीशीच आहे’ म्हणून घातली. हेड (कॅमेऱ्यातला टेप वाचणारा भाग) भरले आणि त्यानंतर घातलेल्या दोन चांगल्या कॅसेटींनाही प्रसाद मिळाला. बुरशीची कॅसेट सिलिका जेलच्या पुडीसह वेगळ्या बंद पिशवीत ठेवावी आणि जाणकाराकडे द्यावी.

आठ किंवा सोळा मिलिमीटरची फिल्म सापडली तर ती प्रोजेक्टरवर लावून पाहण्याचा मोह आवरावा. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट फिल्म कुजू लागली आहे असे समजावे. तिला इतर फिल्मपासून दूर ठेवावे आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थेचा सल्ला घ्यावा. ते काम घरचे नाही.

कॅसेट उतरवणे

या टप्प्यावर मी दोन वर्षे अडखळलो, त्यामुळे इथे घाई करणार नाही.

आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. मिनीडीव्ही कॅसेटवर चित्र नसते, आकडे असतात. कॅमेऱ्याने चित्र टिपतानाच त्याचे आकडे करून टेपवर लिहिलेले असतात आणि आपले काम ते आकडे जसेच्या तसे संगणकात आणणे एवढेच आहे. पिवळ्या केबलने काम केले की कॅमेरा त्या आकड्यांचे पुन्हा ॲनालॉग चित्र करतो, यूएसबी उपकरण त्या चित्राचे पुन्हा आकडे करते, आणि या येरझाऱ्यांत रंगांची कड, मूळ टाइमकोड (प्रत्येक फ्रेमसोबत लिहिलेली वेळेची खूण) आणि चित्रीकरणाची तारीख यांवर पाणी सोडावे लागते. यूएसबीच्या भोकाचाही उपयोग नाही. बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत ते स्थिरचित्रांसाठी किंवा वेबकॅमच्या दर्जाच्या चित्रासाठी दिलेले असते. रस्ता एकच आहे आणि तो फायरवायर या जुन्या डिजिटल जोडणीचा आहे. सोनीच्या कॅमेऱ्यावर त्यालाच आय-लिंक म्हटलेले असते आणि बहुतेक कॅमेऱ्यांवर त्याचे तोंड चार पिनांचे असते.

आजच्या लॅपटॉपला फायरवायर नसते, आणि ॲपलने तर २०२५ च्या मॅकओएसमधून त्याचा आधारच काढून टाकला. त्यामुळे नवे यंत्र घेऊन त्याला अडॅप्टरची शेपटी जोडत बसण्यापेक्षा एखादा जुना डेस्कटॉप घ्यावा, त्यात फायरवायरचे कार्ड बसवावे आणि तो याच एका कामासाठी राखून ठेवावा. विंडोजवर विनडीव्ही आणि लिनक्सवर डीव्हीग्रॅब ही मोफत साधने पुरतात. संकलनाच्या मोठ्या सॉफ्टवेअरमधून कॅप्चर, म्हणजे टेप संगणकात उतरवण्याचे काम, करू नये असे माझे ठाम मत आहे, कारण ते टाइमकोड तुटला की थांबते, आणि विद्यार्थ्यांच्या कॅसेटीत तो दर दहा मिनिटांनी तुटलेला असतो.

केबल जोडताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद असावेत. संगणकाकडचे सहा पिनांचे तोंड विजेचा दाबही वाहून नेते, आणि चालू यंत्रात ते तिरके बसले तर कॅमेऱ्याचे सर्किट जाते. अंबाजोगाईच्या एका ओळखीच्या छायाचित्रकाराचा कॅमेरा मी असाच जाळला आणि त्याची भरपाई केली. त्यानंतर आजतागायत चालू यंत्राला मी ती केबल लावलेली नाही.

आता कॅमेरा कोणता, हा प्रश्न. ज्या कॅमेऱ्यावर चित्रीकरण झाले तोच मिळाला तर तोच वापरावा. टेप ६.३५ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्यावर आकडे लिहिलेला एकेक पट्टा साध्या एसपी वेगात केवळ १० मायक्रॉनचा असतो. कॅसेट वाचवण्यासाठी एलपी वेगात चित्रीकरण केले असेल तर तो ६.७ मायक्रॉनवर येतो. ज्या कॅमेऱ्याचे हेड किंचित वाकडे होते, त्याने सगळे पट्टेही त्याच वाकडेपणाने लिहिलेले असतात, म्हणून तो स्वतःची कॅसेट नीट वाचतो आणि दुसरा चांगला कॅमेरा तिथे अडखळतो. यासाठी गावातले जुने शूटिंगवाले शोधावेत. त्यांच्या माळ्यावर पॅनासॉनिकचा एमडी १०००० किंवा सोनीचा पीडी १७० अजून पडलेला असतो, आणि ‘तुमच्याच कॅमेऱ्यावर आमच्या पोरांनी पिक्चर केला होता’ असे म्हटले की मामा लोक तो हौसेने काढूनही देतात.

कॅसेट कोरी दिसली तरी ती कोरी आहे असे लगेच मानू नये. त्याच कॅसेटवर एचडीव्ही या जास्त बारकाईच्या पद्धतीचेही चित्रीकरण होत असे आणि साध्या डीव्ही कॅमेऱ्यात ते दिसत नाही. व्यावसायिक कॅमेऱ्यावरचे डीव्हीकॅम पद्धतीचे चित्रीकरणही अनेक घरगुती कॅमेऱ्यांना वाचता येत नाही. ‘रिकामी’ म्हणून बाजूला काढलेल्या अशा कॅसेटींतून मला दोन पूर्ण लघुपट मिळाले आहेत.

कॅसेट घातल्यावर ती शेवटापर्यंत पुढे न्यावी आणि पुन्हा पहिल्यापर्यंत मागे आणावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच जागी आवळून बसलेल्या टेपचा ताण सारखा होतो. श्रावणातल्या दमट दिवशी कॅमेरा एसीच्या खोलीतून बाहेर आणून लगेच चालवू नये. आत दव धरले तर टेप ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला, चिकटते. मग अगदी सुरुवातीपासून कॅप्चर सुरू करावे आणि टेप संपेपर्यंत थांबवू नये. लघुपट संपला म्हणून बटण दाबणारे पुढचे न वापरलेले प्रसंग, तालमी आणि कॅमेऱ्यामागचे बोलणे गमावतात. (त्यापुढे बऱ्याचदा कुणाचे तरी लग्नही निघते, कारण कॅसेट शूटिंगवाल्याची जुनीच असते. ते वऱ्हाड संग्रहात दाखवू नये, पण मूळ फाइलमधून कापूही नये.)

फाइल रॉ डीव्ही स्वरूपातच, म्हणजे टेपवरचे आकडे जसेच्या तसे, ठेवावी. तासाला सुमारे १३ जीबी लागतात, आणि हा आकडा पाठ असावा: साठ मिनिटांच्या कॅसेटची फाइल दोन जीबीची निघाली तर मधे कोणीतरी ती दाबली आहे. हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसतात म्हणून घाबरून मूळ फाइलवर डीइंटरलेस (त्या रेषा मिटवणारी प्रक्रिया) करू नये. त्या रेषा पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीच्या चित्राचाच भाग आहेत आणि त्या काढायच्या तर पाहण्याच्या प्रतीतून काढाव्यात. रॉ फाइलचा आणखी एक फायदा आहे. १२ बिटच्या ध्वनीत चार मार्ग असतात आणि विद्यार्थी पुष्कळदा निवेदन तिसऱ्या-चौथ्या मार्गावर नंतर भरत असत. रूपांतर करणाऱ्याच्या हातून नेमके तेच गळते, आणि मग ‘या लघुपटात आवाज नाही’ अशी नोंद होते.

चित्रात चौकोन दिसू लागले तर आधी पाहावे ते कसे आहेत. एकाआड एका आडव्या पट्ट्यात चित्र गोठलेले दिसत असेल तर दोनपैकी एका हेडवर घाण आहे. कोरडी क्लिनिंग कॅसेट पाच-दहा सेकंद चालवावी आणि थांबावे. ती खरखरीत असते, पुन्हा पुन्हा चालवली तर हेडच झिजते. कापसाच्या काडीने ड्रम पुसण्याचा सल्ला देणाऱ्याला आपला कॅमेरा देऊ नये. चौकोन विखुरलेले आणि दर वेळी वेगळ्या जागी येत असतील तर खूश व्हावे, कारण ते टेपवरचे कायमचे नुकसान नाही. तीच कॅसेट दोन-तीनदा, शक्य तर दोन वेगळ्या कॅमेऱ्यांवर उतरवावी. कॅमेरा न वाचलेल्या जागी आधीच्या फ्रेमचा तुकडा बसवतो, पण तसे केल्याची खूण फाइलमध्ये ठेवतो. डीव्हीरेस्क्यू हे मोफत साधन ती खूण वाचते आणि प्रत्येक खेपेतला चांगला भाग निवडून एक फाइल तयार करते. औशाच्या एका कॅसेटच्या तीन खेपा मिळून मला जवळजवळ निर्दोष चित्र मिळाले. एकट्या कोणत्याही खेपेत ते नव्हते.

कॅप्चर चालू असताना वीज गेली तर ती खेप वाया जाते, म्हणून यूपीएसशिवाय बसू नये.

नोंद

फाइलचे नाव रोमन अक्षरे आणि आकड्यांत, मोकळी जागा न सोडता द्यावे. मराठी शीर्षक नोंदवहीत युनिकोडमध्ये लिहावे. संहिता आणि श्रेयनामावली श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील तर त्यांची पीडीएफ आधी काढावी, कारण तो फाँट नसलेल्या संगणकावर त्या फाइली म्हणजे अक्षरांचा चिवडा होतो.

स्थळनामे पडद्यावर जशी आहेत तशीच घ्यावीत. पाटीवर ‘औरंगाबाद’ किंवा ‘उस्मानाबाद’ असेल तर तेच लिहावे आणि २०२३ पासूनची छत्रपती संभाजीनगर व धाराशिव ही नावे वेगळ्या रकान्यात द्यावीत. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला, तेव्हा त्याआधीच्या व्हीएचएसवर ‘जि. परभणी’ असे लिहिलेले वसमत पाहून कोणी ते ‘दुरुस्त’ करू नये. भाषेच्या रकान्यात नुसते ‘मराठी’ लिहून भागत नाही. उदगीरकडची कानडी वळणाची बोली, दखनी, बंजारा हे वेगळे नोंदवावे, शोधणारा अनेकदा त्याच्याचसाठी येतो. कॅसेटवरची तारीख उपयोगी पडते, पण घड्याळाची बॅटरी संपलेला कॅमेरा खोटी तारीख लिहितो, तेव्हा ती पोशाख आणि पिकांशी ताडून पाहावी. मार्च म्हणून लिहिलेल्या लघुपटात मागे हिरवी कोवळी ज्वारी दिसली तर घड्याळावर विश्वास ठेवू नये.

परवानगी

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, आणि हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. विद्यार्थी-लघुपटात निर्माता कोण, पैसे घालणारा विद्यार्थी की महाविद्यालय, हे आज विचारून एका कागदावर सहीनिशी लिहून घ्यावे. वीस वर्षांनी कोणाला आठवणार नाही. बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ बिगर-डिजिटल प्रत (फिल्म किंवा व्हीएचएस; मिनीडीव्ही स्वतः डिजिटलच आहे) असेल तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे, पण त्यातून यूट्यूबवर टाकण्याचा हक्क मिळत नाही, विशेषतः मागे सिनेमातले गाणे वाजत असेल तेव्हा.

ठेवणे

तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक दुसऱ्या गावात. लातूरच्या संग्रहाची एक हार्ड डिस्क नांदेडला असली तर बरे. एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर ठेवलेल्या प्रती या एकच प्रत असतात. पत्र्याच्या छताखालची खोली टाळावी, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि लोखंडी कपाट तर भट्टी होते. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जराही बदलली की बदलणारी तिची ठशासारखी खूण) कॅप्चरच्याच दिवशी काढून नोंदवहीत लिहावा आणि वर्षातून एकदा तिन्ही प्रतींचा तो पुन्हा काढून जुळवावा. जुळला नाही तर ती प्रत टाकून जुळणाऱ्या प्रतीवरून नवी करावी.

कॅसेटी मात्र टाकू नयेत. त्या पूर्ण मागे गुंडाळून, वेष्टणात, उभ्या ठेवाव्यात; डीव्हीरेस्क्यूला चौथी खेप लागली तर ती त्यांच्यातूनच काढावी लागेल.