बिकानेरला जाताय? मग दुपार रिकामी ठेवा

बिकानेरबद्दल कुणालाही विचारा, ठरलेलं उत्तर मिळतं: जैसलमेरला जाताना वाटेत एक रात्र थांबा, किल्ला बघा, देशनोकचं उंदरांचं देऊळ बघा आणि पुढे निघा. हा सल्ला वाईट आहे. तो पाळणारा माणूस दुपारी दोनला पोहोचतो, उन्हात किल्ला उरकतो, देशनोकला जाऊन फोटो काढतो आणि शहर न बघताच दुसऱ्या गाडीत बसतो. राव बिकाने १४८८ मध्ये वसवलेलं हे गाव जोधपूर-जैसलमेरपेक्षा निवांत आहे, कारण इथली माणसं अजून स्वतःच्या वेळापत्रकाने जगतात, पर्यटकांच्या नाही. आपला बेत त्या वेळापत्रकात बसवणं हेच खरं काम. बाकीचं सोपं आहे, ते आधी उरकू.

कधी जायचं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. जानेवारीत रात्रीचा पारा चार-पाच अंशांवर येतो, शाल पुरत नाही, जाड स्वेटर न्या. उंट महोत्सव जानेवारीतच असतो. शांतता हवी असेल तर ते दिवस सोडून जा. होळीच्या आधीच्या रात्री चौकाचौकांत रम्मत म्हणजे इथलं लोकनाट्य रंगतं, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास शहराचा स्थापना दिवस म्हणून रणरणत्या उन्हात अख्खं गाव गच्चीवर पतंग उडवतं. दोन्ही बघण्यासारखं आहे, पण पहिल्या भेटीत नको.

कसं जायचं. रेल्वेने. मुंबईहून थेट गाडी आहे. दिल्ली, जयपूर आणि जोधपूरहूनही गाड्या आहेत. नाल विमानतळावर मोजकीच विमानं उतरतात, त्यांच्या भरवशावर रजा टाकू नका.

किती दिवस. तीन रात्री. दोन रात्रींत जमेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

मुक्काम कुठे. कोटगेट (जुन्या शहराची वेस) किंवा जुनागढ किल्ल्यापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. महामार्गावरची, तरणतलाव असलेली हॉटेलं स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. का ते पुढे येईलच.

आता अवघड भाग: दिवसाची मांडणी

इथेच सगळ्यांचा बेत फसतो, आणि मलाही ही मांडणी उलगडायला बराच काळ लागला. लोक ठिकाणांची यादी करतात आणि ती अंतराप्रमाणे लावतात. बिकानेरमध्ये यादी घड्याळाप्रमाणे लावायची असते. एकच गल्ली सकाळी सातला, दुपारी दोनला आणि रात्री दहाला तीन वेगळी गावं वाटते. यातली दुपारची वेळ तुमच्या कामाची नाही.

दिवसाचे दोन तुकडे करा. उजाडल्यापासून अकरापर्यंत एक, साडेचारपासून रात्री उशिरापर्यंत दुसरा. मधला वेळ जेवण, झोप, वाचन. हिवाळ्यातही हेच करा. त्या दिवसांत दुपारचं ऊन सोसवतं हे खरं, पण तेव्हा लाल दगडावर उजेड सपाट पडतो, नक्षी दिसत नाही आणि चौकात बोलायला कुणी नसतं. दुपार भरून काढायला आणखी एक ठिकाण घुसवायचा मोह होतोच. तो आवरा. दुपारी दमलेला माणूस रात्री नऊला खोलीत झोपतो, आणि बिकानेरचा सगळ्यात चांगला भाग त्याच्या हातून जातो.

तो भाग म्हणजे परकोट्यातले, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातले, पाटे. जुन्या शहराच्या चौकांत भलेमोठे लाकडी पाट कायमचे मांडलेले असतात. रात्रीची जेवणं झाली की मोहल्ल्यातले लोक त्यांवर येऊन बसतात. पत्ते, चौपड, राजकारण, लग्नं जुळवणं, भांडणं मिटवणं, सगळं तिथेच. मोहता चौकाच्या बाजूला रात्री नऊनंतर जा, आणि चालत जा. पाटा हा बाक नाही, त्याला घराणी आहेत, ज्येष्ठतेचा मान आहे. थेट जाऊन बसू नका. बाजूला उभं राहा, ‘राम राम सा’ म्हणा आणि बसा म्हटल्यावरच बसा. बहुतेक वेळा म्हणतातच. कॅमेरा पहिला अर्धा तास खिशात ठेवा. पाट्यावर मुख्यतः पुरुषच बसतात. बायका बरोबर असतील तर शेजारच्या दुधाच्या किंवा रबडीच्या दुकानापाशी थांबून गप्पांत सहज सामील होता येतं.

महामार्गावरचं हॉटेल नको म्हटलं ते यासाठी. तिथून रात्री नऊला रिक्षा करून कुणी परत गावात येत नाही. आलात तरी परतीची चिंता डोक्यात राहते आणि पंधरा मिनिटांत पाय निघतो.

दुसरी अडचण फाटकाची. रेल्वेमार्ग शहराच्या मधोमध जातो. कोटगेटजवळचं फाटक पडलं की दोन्ही बाजूंना गाड्या, रिक्षा, हातगाड्या, बैल सगळे अडकून पडतात. रिक्षात बसून वैतागण्यात अर्थ नाही. किल्ल्याच्या बाजूने येत असाल तर फाटकाच्या अलीकडेच उतरा आणि पुढे पायी जा. नाहीतरी परकोट्यात चारचाकी नेणं शहाणपणाचं नाही. फाटक आपल्या आणि स्टेशनच्या मध्ये येत असेल, तर परतीच्या दिवशी अर्धा तास जास्त धरा.

हवेल्या सकाळी बघा. साडेसातच्या सुमारास रामपुरिया हवेल्यांच्या गल्लीत ऊन तिरपं येतं आणि दुलमेराच्या लाल दगडातली जाळी, झरोके उठून दिसतात. यातली बरीच घराणी व्यापारासाठी कोलकात्याकडे गेली आणि तिकडचीच झाली, त्यामुळे कितीतरी दारांना कुलूप आहे. कुणी ‘आतून दाखवतो’ म्हणालं तर आधी तो घरचा आहे का ते विचारा. कुठे जुना कोरीव दरवाजा किंवा झरोका विकायला ठेवलेला दिसला तर घेऊ नका, भावही विचारू नका. असे तुकडे पाडलेल्या हवेल्यांतून येतात, आणि गिऱ्हाईक आहे तोवर हवेल्या पडत राहतील.

नकाशा बघत चालू नका. या गल्ल्यांत तो सारखा चुकतो आणि तुमची नजर खाली राहते. भांडासर जैन मंदिर मनात धरा आणि विचारत विचारत जा. पाचवे तीर्थंकर सुमतिनाथांचं हे देऊळ सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण झालं. पायाभरणीत पाण्याऐवजी तूप वापरलं अशी आख्यायिका पुजारी सांगतील, ती नीट ऐका. मग वरच्या मजल्यावर चढा. अख्खा परकोटा खाली पसरलेला दिसतो आणि आपण कुठून आलो ते तिथे समजतं.

उरलेली ठिकाणं

जुनागढ: सकाळी उघडल्या उघडल्या आत शिरा. राजा रायसिंहांनी १५८९ ते १५९४ या काळात बांधलेला हा किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे, त्यामुळे चढाची धास्ती नाही. अनुप महालातलं सोनेरी काम आणि बादल महालातले रंगवलेले ढग सगळेच बघतात. मराठी माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवून फिरावं. इथले राजे मुघलांच्या बाजूने वर्षानुवर्षं दख्खनेत होते. कर्णसिंह औरंगाबादेतच १६६९ मध्ये वारले, तिथला कर्णपुरा त्यांच्याच नावाचा. त्यांचे पुत्र अनुपसिंह यांनी दख्खनच्या मोहिमांतून मूर्ती आणि संस्कृत हस्तलिखितं बिकानेरला आणली. मूर्ती किल्ल्यातल्या तेहतीस कोटी देवतांच्या मंदिरात आहेत. आपल्या बाजूचा हा इतिहास मार्गदर्शक आपणहून फारसा सांगत नाहीत, म्हणून विचारा.

देशनोकचं करणीमाता मंदिर तीस किलोमीटरवर आहे. पहाटे लवकर निघा, दुपारी उंदीर कोपऱ्यात झोपलेले असतात आणि फरशी तापते. चप्पल बाहेर काढावी लागते, जुने मोजे घालून जा आणि आल्यावर टाकून द्या. पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे एखादा काबा (इथल्या पवित्र उंदरांना हेच म्हणतात) पायाखाली येणार नाही. ते भक्तांच्या श्रद्धेचं ठिकाण आहे. किंचाळायचं, हसायचं असेल किंवा किळस येत असेल तर खुशाल वगळा. बिकानेर त्याविना अपुरं राहत नाही.

राष्ट्रीय उष्ट्र (उंट) अनुसंधान केंद्र: संध्याकाळच्या तुकड्यात ठेवा, कळप चरून परततो तेव्हा. उंटिणीच्या दुधाचं आइस्क्रीम मिळतं, खाऊन बघा. जवळच जोडबीडला मेलेली जनावरं टाकण्याची जागा आहे. हिवाळ्यात तिथे गिधाडं आणि गरुड मोठ्या संख्येने उतरतात. वास उग्र असतो, पण पक्षी बघणाऱ्याने ते चुकवू नये.

वाळूच हवी असेल तर सूर्यास्ताला रायसरच्या टेकड्यांवर जा. तंबूत राहणार असाल तर ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: रात्री डीजे लागतो का? उत्तर गुळमुळीत आलं तर नाही म्हणा.

खरेदी

शेवटच्या सकाळी, आधी नाही. इथली खरी भुजिया मुख्यतः मटकीच्या पिठाची असते, निव्वळ बेसनाची नव्हे, आणि २०१० पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. परकोट्यातल्या भट्टीवर सकाळी ताजी निघते. गरम असताना पिशवी बंद करू देऊ नका, वाफ धरून ती मऊ पडते. कागदावर पसरून पूर्ण निवू द्या, मग बांधून घ्या. पापड सामानात सगळ्यात वर ठेवा, आणि रसगुल्ल्यांचे डबे सीलबंदच घ्या, गाडीत पाक सांडला की सगळे कपडे धुवावे लागतात.