धरणाकाठच्या गावी कायमचे राहायला जाताना: आधी पाणी, मग गाव, शेवटी जमीन

पुणे, मुंबई किंवा नाशिक सोडून पाण्याकाठच्या एखाद्या छोट्या गावी कायमचे राहायला जावे, असा विचार करणाऱ्यांत आता केवळ निवृत्त मंडळी राहिलेली नाहीत. घरून काम करता येणारी तिशी-चाळिशीतली जोडपीही त्यांत दिसू लागली आहेत. बहुतेकांचा शोध मात्र उलट्या टोकाने सुरू होतो. आधी प्लॉटची जाहिरात नजरेस पडते, मग एजंटाच्या गाडीतून श्रावणातला हिरवागार काठ पाहिला जातो, आणि गाव राहण्याजोगे आहे का, हा प्रश्न इसार देऊन झाल्यावर पडतो. हा क्रम बदलला तर पुढचे बरेचसे मनस्ताप टळतात.

पहिली चौकशी पाण्याची करावी, आणि तीही ते किती आहे याची नव्हे, तर ते कोणाचे आहे याची. लोणारसारखा अपवाद आणि गावोगावचे जुने तलाव सोडले, तर महाराष्ट्रात ज्याला आपण तळे किंवा ‘लेक’ म्हणतो ते बहुधा धरणाचे बॅकवॉटर असते, आणि धरण काठच्या गावासाठी क्वचितच बांधलेले असते. भोरजवळच्या भाटघरचे पाणी नीरेच्या दोन कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवड पिते, अप्पर वैतरणेचे मुंबई, मुकण्याचे नाशिक. मुळशी आणि कोयना ही वीजनिर्मितीसाठी उभी राहिलेली धरणे आहेत. म्हणजे आपल्या खिडकीसमोरची पातळी कधी चढेल आणि कधी उतरेल, हे कालव्याचे आवर्तन, शहराची मागणी आणि विजेची गरज ठरवणार. त्यात काठावर राहणाऱ्याला कोणी विचारत नाही. या पाण्याला इतिहासही आहे. मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, आणि पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याविरुद्धच्या आंदोलनात 9 ऑगस्ट 2011 रोजी मावळात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. अशा गावात नवीन बंगलेवाल्याकडे लोक सावधपणे पाहत असतील, तर त्याचे मूळ इथे आहे, हे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

म्हणून जागा पाहायची ती मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. जाहिरातीतला ड्रोन पावसाळा संपता संपता उडालेला असतो, हे लक्षात ठेवून एकदा भर उन्हाळ्यात काठावर उभे राहावे. पवनेत पाणी खाली गेले की बुडालेले वाघेश्वराचे मंदिर उघडे पडते आणि माणसे चालत दर्शनाला जातात. एरवी जिथे पाणी भिडलेले दिसते, तिथे भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा, वाळलेली गवते आणि अडकून राहिलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दिसतात. या पट्ट्यात कुठे कुठे पीक उभे असते. ती गाळपेर जमीन होय. पाणी ओसरल्यावर जलसंपदा खाते ती हंगामापुरती भाडेपट्ट्याने देते आणि त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असते. एजंट ज्याला ‘लेक टच’ म्हणतो त्या प्लॉटची हद्द आणि पाण्याची कड यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी ही सरकारी पट्टी असते. धरणासाठी जमीन ठरावीक पातळीपर्यंत संपादित झालेली असते आणि तिच्या हद्दीचे दगड पूर्वी रोवलेले असतात. ते कुठे आहेत, हे एजंटाला न विचारता धरणाच्या शाखा कार्यालयात जाऊन विचारावे आणि नकाशा पाहावा. बुडीत क्षेत्रातली, म्हणजे संपादन झालेली जमीन कुंपण घालून विकण्याचे प्रकार सर्रास चालतात. उत्तर देताना विकणारा अडखळला, तर तिथेच थांबलेले बरे.

पाण्याचा दुसरा प्रश्न नळाचा. समोर अथांग जलाशय आणि घरात टँकर, हे महाराष्ट्रातले नेहमीचे चित्र आहे. धरणांनी वेढलेल्या इगतपुरी तालुक्यातल्या पाड्यांवरही उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होते. गावच्या नळयोजनेचा उद्भव, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत, कोणता, पाणी शुद्धीकरण केंद्रातून येते की विहिरीतून थेट टाकीत चढते, मे महिन्यात किती दिवसांआड येते, हे नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून समजते, आणि शेजारच्या चार घरांत विचारले की त्याची शहानिशाही होते. ‘बोअर मारू’ या आश्वासनावर विसंबू नये, कारण काळ्या पाषाणात भेग सापडली तर पाणी, नाहीतर धूळ. त्याच पाषाणामुळे सांडपाणीही नीट मुरत नाही. काठावरची रिसॉर्टे आणि तंबूंची शिबिरे आपले मैलापाणी कुठे सोडतात, हे नाल्याच्या तोंडाशी जाऊन डोळ्यांनी पाहावे. तिथे जलपर्णी दाटलेली असेल, तर वेगळा अहवाल मागण्याची गरज उरत नाही.

मग गाव. माझे मत स्पष्ट आहे: अगदी पाण्याला लागून असलेल्या वाडीपेक्षा पाण्यापासून थोडे दूर असलेले, पण स्वतःच्या जोरावर जगणारे तालुक्याचे गाव निवडावे. पवनेच्या काठची गावे किंवा कोयनेच्या शिवसागर जलाशयावरचे तापोळे शनिवार-रविवारी गजबजते. त्यांची बाजारपेठ पर्यटकांकडे पाहून चालते, आणि मंगळवारी दुपारी औषध हवे असेल तर मोठ्या गावाची वाट धरावी लागते. उलट वाई घ्या. धोम धरण हाकेच्या अंतरावर आहे, पण वाई त्यावर जगत नाही. कृष्णेचे घाट, जुनी पेठ, शाळा-महाविद्यालये, मराठी विश्वकोशाचे कार्यालय, सुरूर फाट्यावरून पुणे-बंगळुरू महामार्ग. गावाला स्वतःचा व्यवहार आहे. शिवाय पसरणी घाटाच्या वर पाचगणी-महाबळेश्वरात धो धो कोसळणारा पाऊस वाईत बराच कमी होतो, आणि भिंतींना ओल धरण्याची ज्यांना धास्ती आहे त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही. भोरचेही तसेच: जुन्या संस्थानाची राजधानी असल्याने पेठ, वाडे आणि नगरपरिषद आहे, आणि पुण्याला दिवसात जाऊन येता येते, पण महाडकडे उतरणारा वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद होतो, त्यामुळे कोकणाशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी तो धरून चालू नये. इगतपुरीला रेल्वे आहे ही मोठी जमेची बाजू, आणि पाऊस मात्र सोसवला पाहिजे. धरणाचा प्रश्नच नको असेल तर सावंतवाडीचा विचार करावा. तिथला मोती तलाव गावाच्या मधोमध, राजवाड्यासमोर आहे, त्याभोवती संध्याकाळी अख्खे गाव फिरते, आणि त्याचे पाणी कोणा दूरच्या शहराच्या नावावर नाही.

निवड करताना आठवडी बाजाराच्या दिवशी गावात जावे. बाजारात कोण काय विकते, भाजी आसपासच्या शेतातली आहे की शहराच्या मार्केट यार्डातून परत आलेली, एसटीच्या फलकावर रात्रीची शेवटची गाडी कितीची, उपजिल्हा रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का आणि रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का, एवढे पाहिले तरी गावाचा अंदाज येतो. दुसरी भेट जुलैतल्या एखाद्या शनिवारी रात्री द्यावी, म्हणजे रस्त्यावरची कोंडी आणि पलीकडच्या काठावरच्या डीजेचा आवाज पाण्यावरून किती स्पष्ट ऐकू येतो, हे दोन्ही कळते.

येऊ घातलेल्या विकासाचा अंदाज कागदावरून काढता येतो, आणि तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाव कोणत्या नियोजन प्राधिकरणाखाली येते, हा त्यातला कळीचा प्रश्न. मावळ आणि मुळशी हे तालुके आणि भोरचा काही भाग 2015 मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हद्दीत आहेत. कोयनाकाठच्या सातारा जिल्ह्यातल्या 235 गावांसाठी ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पाचे काम रस्ते विकास महामंडळाकडे सोपवण्यात आले आणि पुढे त्यात आणखी गावांची भर पडली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला, आणि मुंबईकराला इगतपुरी आणखी जवळ आली. सावंतवाडीला गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळाचा शेजार 2023 पासून लाभला आहे. रस्ता आला म्हणजे भाव चढतात हे सगळेच सांगतात. पण त्याच रस्त्याने डंपर, खडी क्रशर आणि दहा मजली ‘सेकंड होम’ही येतात, हे विकणारा सांगत नाही. शेजारच्या गटाचा झोन दाखला, म्हणजे ती जमीन कोणत्या वापरासाठी राखलेली आहे याचा दाखला, काढून पाहिला की समोरची टेकडी पुढे हिरवी राहणार की पिवळी, म्हणजे निवासी, होणार, हे समजते. पश्चिम घाटातल्या पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची प्रारूप अधिसूचना केंद्राने 31 जुलै 2024 रोजी सहाव्यांदा काढली. आपले गाव त्या यादीत आहे का, हे तपासावे. ते असले तर मोठ्या बांधकामांवर आणि खाणींवर मर्यादा येण्याची शक्यता असते, आणि शांततेसाठी जाणाऱ्याला ती सोयीचीच आहे.

जमिनीच्या कागदांबद्दल वकिलाचा सल्ला लागेलच, पण सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ हा रकाना स्वतः वाचावा. तिथे कूळ, पुनर्वसन, संपादन, वन अशी नोंद असेल किंवा सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन, असे लिहिले असेल, तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. अकोले, इगतपुरी यांसारख्या तालुक्यांत जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर ती बिगरआदिवासीला घेता येते असे कोणीही सांगितले तरी ऐकू नये. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना घेता येत नाही. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे ‘फार्महाऊस प्लॉट’ तुकडेबंदीत, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्यात, अडकतात: जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठे ही किमान मर्यादा आहे, आणि निवासी भागातल्या काही तुकड्यांना अलीकडे सवलत मिळाली असली तरी ती काठावरच्या शेताला लागू होईल असे समजू नये. रेखांकन 500 चौरस मीटरपेक्षा मोठे आणि भूखंड आठांहून अधिक असतील, तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागावा. खरेदीआधी सरकारी मोजणी करून घ्यावी आणि रस्त्याची नोंद कागदावर आहे की केवळ वहिवाट आहे, हे पाहावे.

धरणाच्या खालच्या अंगाला घर घेणार असाल, तर पूररेषेचा नकाशा पाहणे अटळ आहे. सर्वसाधारणपणे निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. वाई धोमच्या खाली आहे आणि भोर नीरा-देवघरच्या. नदीचे दृश्य हवे म्हणून या रेषांच्या आत शिरू नये.

एवढे सगळे जुळले तरी लगेच खरेदीखत करू नये. त्याच गावात 11 महिन्यांच्या करारावर घर भाड्याने घ्यावे आणि करार चैत्रात सुरू करावा, म्हणजे पहिल्या दोन-अडीच महिन्यांत पाणीटंचाई आणि त्यापाठोपाठ पावसाळा, वीज जाणे, बंद पडणारे नेट, हे सगळे अनुभवाला येते. दिवाळीनंतर जमिनींचे भाव विचारायला सुरुवात करावी; तोवर दुकानदार, वायरमन आणि ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) ओळखीचे झालेले असतात, आणि एजंटाने सांगितलेल्या दरात किती हवा आहे, हे त्यांच्याकडून आपोआप समजते.