कालची नोट आज चिकटवण्याआधी

वॉर्ड भरलेला असला की कालची प्रोग्रेस नोट (पेशंटच्या प्रकृतीची रोजची नोंद) कॉपी करून फक्त तारीख बदलण्याचा मोह होतो. जुना आजार, झालेली ऑपरेशन्स, ॲलर्जी एवढा भाग पुढे न्यायला हरकत नाही, तोही पेशंटला परत विचारून. नाडी, बीपी, लघवीचे माप, आजची तपासणी, डावी-उजवी बाजू आणि कॅथेटर (लघवीची नळी) आहे की काढला, हे मात्र दर वेळी नव्याने लिहा. काढलेला कॅथेटर नोटेत तसाच राहिला, तर लघवी तुंबल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही.

सर्पदंशात तर हा शॉर्टकट जीवावर बेततो. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडून घोणस चावलेला पेशंट कोल्हापुरात लवकर पोचला, तर रक्त गोठण्याची पहिली 20 मिनिटांची चाचणी (काचेच्या नळीत रक्त 20 मिनिटे ठेवून गोठले का ते पाहणे) नॉर्मल येऊ शकते; बिघाड पुढच्या चाचणीत दिसतो. रात्रपाळीने ‘नॉर्मल’ तसेच पुढे ढकलले, तर एएसव्ही (सर्पविषावरचे प्रतिविष) सुरू व्हायला उशीर होतो. उलटही घडते. एएसव्ही दिल्यावर 6 तासांनी चाचणी परत करायची असते. तिथे जुने ‘गोठले नाही’ चिकटले, तर गरज नसताना दुसरा डोस जातो आणि रिॲक्शनचा धोका वाढतो. म्हणून प्रत्येक चाचणीची वेगळी ओळ लिहा: ‘रक्त घेतले 11.10, नळी पाहिली 11.30, गोठले नाही’, पुढे तपासणाऱ्याचे नाव.

मण्यारीच्या दंशाची खूण बऱ्याचदा दिसतही नाही. जड होणाऱ्या पापण्या ही अनेकदा सुरुवातीची सूचना असते. टेम्प्लेटमध्ये ‘पापण्या नॉर्मल’ आधीच भरलेले असेल, तर न तपासताही नोट पूर्ण दिसते. सॉफ्टवेअरवाल्याला सांगून असे आयते ‘नॉर्मल’ काढून घ्या आणि रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना निदान खरे तरी सांगतो.

मुलांचे वजन मागच्या ओपीडीतून उचलू नका. पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम धरले, तर 12 किलोला 180 मिलिग्रॅम होते. मागच्या वेळी घाईत 21 टाइप झाले असेल, तर तेच 315.

चूक सापडली तर जुनी ओळ पुसू नका. आत्ताची वेळ टाकून दुरुस्तीची वेगळी नोंद करा, कारणही लिहा. केंद्र सरकारच्या 2016 च्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानकांत ऑडिट ट्रेल अपेक्षित आहे, त्यामुळे कुणी कधी काय बदलले ते मागे राहतेच. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार पेशंटने मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यावे लागते. घाईत केलेली सारवासारव तिथे उघडी पडते.

दुसऱ्याच्या लॉगिनवर लिहू नका, जागेवरून उठताना लॉगआउट करा. पावसाळ्यात वीज किंवा नेट गेले तर कागदावर खऱ्या वेळेसह लिहा. सिस्टिम आल्यावर ‘उशिरा नोंद’ म्हणून दोन्ही वेळा टाका आणि तो कागद फाइलला लावून ठेवा.