हिरवळीवर डाग पडल्यास आधी खणून पाहा: मराठवाड्यातील बागांमध्ये होणाऱ्या या चुका टाळा

एप्रिल उजाडला की मराठवाड्यातील बंगल्यांसमोरच्या हिरवळीवर पिवळे-तपकिरी डाग उमटू लागतात आणि बहुतेक घरांत त्यावर एकच इलाज होतो, तो म्हणजे मूठभर युरिया फेकून दोन वेळा पाणी मारणे. चाळीस अंशांपुढच्या उन्हात, पुरेशी ओल नसलेल्या मातीवर पडलेला युरिया गवत पोळतो. आणि डागाखाली हुमणी (गवताची मुळे खाणारी अळी) किंवा बांधकामाचा राडारोडा असेल, तर कितीही नत्र (नायट्रोजन) दिले तरी काही साधत नाही. म्हणून डाग कशाने पडला हे ठरेपर्यंत खताची पिशवी उघडू नये.

गवत खरोखर मेले आहे का, हे प्रथम तपासावे. डिसेंबर-जानेवारीत परभणीसारख्या ठिकाणी रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा हरळी पिवळी पडून विसावते आणि ऊन तापू लागले की आपोआप हिरवी होते. जमिनीलगत पसरणारे खोड वाकवून पाहावे. ते लवचिक आणि आतून पांढरट-हिरवे असेल तर गवत जिवंत आहे. कोरडे होऊन कट्कन मोडले तर मेले आहे. हिवाळ्यात पिवळेपणा पाहून हिरवळ उखडून टाकणारे लोक विनाकारण खर्चात पडतात.

त्यानंतर जिथे जिवंत आणि मेलेले गवत एकमेकांना भिडते, त्या कडेला खुरप्याने वीतभर लांब-रुंद तुकडा उचलावा. डागाच्या मध्यभागी खणण्याची चूक अनेकजण करतात. पण कीड खाऊन पुढे सरकलेली असते आणि ती कडेलाच सापडते. गवत सतरंजीसारखे सहज उचलले गेले आणि खाली तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी अक्षराप्रमाणे वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या, तर ती हुमणी होय. वर्गफुटात एखाद-दुसरी अळी असल्यास घाबरण्याचे कारण नाही, मात्र पाच-सहापेक्षा जास्त असल्यास त्या वेचून नष्ट कराव्यात आणि ओलसर मातीत मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी मिसळावी. वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. त्या वेळी फांद्या हलवून ते गोळा करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. अर्धवट कुजलेले शेणखत पसरणे ही याच दुखण्याची दुसरी बाजू आहे, कारण अशा खतातून हुमणी आणि तणाचे बी दोन्ही बागेत येतात.

अळ्या नसतील तर मातीकडे वळावे, कारण आपल्याकडे बहुतेक डागांचे मूळ तिथेच असते. आदल्या दिवशी पाणी दिलेल्या जागी लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा सळई खुपसावी. ती चांगल्या जागी सहज आत गेली आणि डागावर दोन-तीन बोटांवरच अडली, तर खाली विटांचे तुकडे, सिमेंट किंवा ठोकून घट्ट केलेला मुरूम आहे असे समजावे. नव्या वसाहतींमध्ये असे प्रकार सर्रास आढळतात आणि सरळ रेषेत संपणारा डाग ही त्याची खूण असते. यावर खणून राडारोडा काढण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. वरून मातीचा थर टाकून भागत नाही.

काळ्या मातीची अडचण वेगळी आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि त्यामुळे पृष्ठभागावर उंचवटे तयार होतात. कापणीचे यंत्र त्या उंचवट्यांवरून गवत मुळापर्यंत खरडते, आणि दोष मात्र पाण्याला दिला जातो. उंचवट्याचे गवत वरच्यावर बाजूला करून खालची माती काढावी, खळगे चाळलेली माती आणि कुजलेल्या खताच्या पातळ थरांनी भरावेत, आणि एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक गवत काढू नये. माती भुसभुशीत करण्यासाठी थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो, तो मला पटत नाही. काळ्या चिकणमातीत थोड्या वाळूने काहीच साधत नाही, सेंद्रिय खताने साधते.

पिवळेपणा सर्वत्र पसरलेला असल्यास कोणते पान पिवळे आहे ते पाहावे. जुनी पाने आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी आहे. तेव्हा ओल असताना चौरस मीटरला सुमारे १० ग्रॅम युरिया देऊन लगेच पाणी द्यावे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर चुनखडीयुक्त जमिनीत लोह मुळांना मिळत नाही असा अर्थ होतो. अशा वेळी लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून संध्याकाळी फवारावे, पण शहाबादी फरशीवर थेंब पडू देऊ नयेत, कारण गंजाचे डाग निघत नाहीत. मातीवर पांढरा थर आणि पानांची टोके करपलेली दिसली, तर बोअरचे पाणी आणि माती दोन्ही तपासून घ्यावीत. जिप्सम हे चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनीचे औषध आहे. अहवालाशिवाय ते टाकण्यात अर्थ नाही.

पाण्याबाबत रोज थोडे शिंपडणे ही सर्वांत रूढ चूक आहे. त्यामुळे मुळे वरच राहतात आणि मे महिन्यात होरपळतात. चार-पाच दिवसांनी एकदा, चौरस मीटरला सुमारे २० लिटर, तेही काळ्या मातीत अर्ध्या तासाच्या अंतराने दोन हप्त्यांत द्यावे. पन्नास चौरस मीटरच्या हिरवळीला या हिशेबाने एका वेळी हजार लिटर लागतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे ध्यानात ठेवून हिरवळीचा आकार पावसाळ्यातील नव्हे, तर मे महिन्यातील पाण्यावरून ठरवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

डाग भरण्याचे काम मृगाचा पाऊस पडून वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असताना, करावे. चिखलात खणल्यास ढेकळे घट्ट बसतात. मेलेले गवत काढून माती वीतभर खोल मोकळी करावी, लव्हाळा या तणाच्या जमिनीतील गाठी वेचून काढाव्यात (पाती उपटल्याने लव्हाळा जात नाही) आणि मातीच्या एक तृतीयांश इतके कुजलेले खत मिसळावे. नर्सरीतील गवताची तयार लादी न मोकळ्या केलेल्या जमिनीवर तशीच अंथरल्यास दोन मातींच्या सांध्यापाशी मुळे थबकतात. त्यापेक्षा आपल्याच हिरवळीतील हरळीच्या दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या चार-चार बोटांवर लावून पायाने दाबणे बरे. पृष्ठभाग बोटभर उंच ठेवावा, कारण माती खाली बसते. कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीतील डागाला मात्र हे श्रम देऊ नयेत. हरळीला दिवसाचे निदान सहा तास ऊन लागते, आणि तिथे फरशी किंवा सावलीत टिकणारी बुटकी झाडेच शोभतात.