सोनं शोधायला कॉइल केवढी घ्यावी?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात डनॉली, मोलियागुल, किंगोवर भागात आजही हौशी मंडळी मेटल डिटेक्टर घेऊन रान तुडवतात. किंगोवरजवळ १९८० साली २७ किलोंचा ‘हँड ऑफ फेथ’ हा सोन्याचा गड्डा डिटेक्टरनेच सापडला. हे ऐकलं की नवखा माणूस दुकानात जाऊन सगळ्यात मोठी कॉइल, म्हणजे डिटेक्टरच्या टोकाची जमिनीवर फिरवायची चकती, मागतो. पण तो गड्डा जेमतेम फूटभर खाली होता. त्याला कुठलीही कॉइल ओरडली असती. तुमच्या वाट्याला बहुधा ग्रॅमच्या आतले कण येणार, तेव्हा निवड त्यांच्या हिशोबाने करा.

आधी जागा बघा. जुन्या खाणकामगारांनी उकरून ठेवलेले ढिगारे, दगडांच्या फटी, ओढ्याचा उघडा पडलेला तळ असेल तर ५-६ इंची कॉइल घ्या. तिचं चुंबकीय क्षेत्र आटोपशीर असतं, त्यामुळे तांदळाएवढा कणही तिला जाणवतो आणि झुडपाच्या बुंध्याशी ती सहज शिरते. खोली मात्र कमी मिळते. मोकळं माळरान, मातीचा जाड थर आणि मोठे गड्डे निघाल्याचा इतिहास असेल, तरच १७-१८ इंचीचा विचार करा. ती खोल जाते, पण बारीक सोनं तिच्या हातून निसटतं. शिवाय तासाभरात खांदा बोलायला लागतो.

लोहयुक्त लाल जमिनीत मोठी कॉइल एकाच वेळी जास्त माती ‘बघते’, म्हणून खरखरही जास्त करते. तिथे लहान कॉइल किंवा डीडी प्रकारची (आत तारेची दोन एकमेकांवर चढलेली वेटोळी असलेली) कॉइल जास्त शांत चालते. मोनो (एकाच वेटोळ्याची) कॉइल साधारणपणे खोल जाते, पण अशा जमिनीत लवकर बिथरते.

एकच घ्यायची असेल तर १०-११ इंची घ्या, शक्यतो लंबगोल. तुमच्या मशिनला ती चालते का, हे पैसे देण्याआधी विचारा. एका मॉडेलची कॉइल दुसऱ्याला बसेलच असं नाही.

मग चाचणी. मासेमारीच्या गळाला लावतात तो शिशाचा छोटा तुकडा ५, १०, १५ सेंटिमीटरवर पुरा आणि प्रत्येक खोलीवर आवाज ऐका. कॉइल जमिनीला जवळजवळ घासत, सावकाश फिरवा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी तरी यायला हवी. घाईत फिरवलेल्या भारी कॉइलपेक्षा अशी फिरवलेली साधी कॉइल जास्त सोनं देते.

व्हिक्टोरियात यासाठी ‘मायनर्स राइट’ हा परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो आणि १० वर्षं चालतो. राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक ठिकाणी मनाई आहे, आणि खासगी शेतात मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.