काही काम नसताना नागपूर: एकटीचा शनिवार-रविवार

आम्हा चंद्रपूरच्या लोकांना नागपूरला जायला कारण लागतं. दवाखाना, लग्नाचा बस्ता, हायकोर्टाची तारीख, नाहीतर लेकराची ॲडमिशन. काम आटोपलं की धावतपळत परतीची बस. इतकं जवळचं, इतकं मोकळं शहर आपण जन्मभर रांगेत उभं राहूनच पाहतो. म्हणून माझी पहिली अट: या दोन दिवसांत कुणाचंही काम अंगावर घ्यायचं नाही. शेजारणीची रिपोर्टची फाईल नाही, जावेची बदलायची साडी नाही. त्यासाठी वेगळा दिवस काढा.

ठरवायचं शुक्रवारी संध्याकाळी. त्याआधी कॅलेंडर तेवढं बघा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू असलं की खोल्या मिळत नाहीत, आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर असतो. त्या सोहळ्यासाठीच जायचं असेल तर जरूर जा, पण त्याची तयारी वेगळी. मे महिना सोडूनच द्या. त्या उन्हात दुपारभर खोलीत बसावं लागतं.

खोली धंतोली, रामदासपेठ किंवा बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, आसपास घ्या. ॲपवर पैसे भरण्याआधी हॉटेलात फोन करून सरळ विचारा, "एकटी बाई आहे, खोली मिळेल ना? सकाळी किती वाजता?" उत्तराच्या सुरावरून सगळं कळतं. समोरचा आधी "सोबत कोण आहे?" विचारत असेल तर दुसरा नंबर लावा. मूळ आधार कार्ड जवळ ठेवा.

नातेवाइकांकडे मात्र उतरायचं नाही. प्रत्येकीची एक मामी नागपुरात असतेच. ती इतक्या मायेने करते की रविवारची संध्याकाळ होईस्तोवर तुम्ही तिच्या स्वयंपाकघरातच असता. मामीकडे वेगळं जावं, मनापासून जावं. घरच्या एका माणसाला तेवढं हॉटेलचं नाव आणि फोन नंबर कळवून ठेवा.

शनिवारी सकाळची पहिली एसटी पकडा. भद्रावती, वरोरा, जाम, बुटीबोरी करत तीन-साडेतीन तासांत गणेशपेठचं बसस्टँड. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. वाचलेले पैसे खाण्यावर खर्च करा.

पोटात काही न घालता निघा, कारण उतरल्यावर तर्री पोहे खायचे आहेत. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला सकाळी गाड्यांवर गर्दी असते, तिथे जा. पोहे आपल्या घरच्यासारखेच पिवळे, मऊ. त्यावर हरभऱ्याची लाल तर्री पळीने ओततात, वरून कांदा, चिवडा, लिंबू. सगळं एकदम कालवू नका. कडेने तर्री मुरलेले पोहे आधी खा, मधला कोरडा ढीग शेवटी, आणि तो संपायच्या आत "भाऊ, थोडी तर्री टाका" म्हणा. टाकतात. उभ्याने खाणाऱ्या एकट्या बाईकडे तिथे कुणी वळून बघत नाही. वकील, विद्यार्थी, ऑटोवाले, सगळे आपापल्या प्लेटमध्ये गुंग असतात.

तिथून झिरो माईल, म्हणजे इंग्रजांच्या काळचा अंतरं मोजायचा खांब, जवळच. चार घोडे आणि वाळूच्या दगडाचा खांब बहुतेकांनी बसच्या खिडकीतून पाहिलेला असतो. तुम्ही जवळ जा. बुंध्यावर गावांची नावं आणि मैलांतलं अंतर कोरलंय: हैदराबाद, जबलपूर, शिवनी. त्यांत चांदाही आहे, म्हणजे आपलं चंद्रपूर. मला ते नाव दिसलं तेव्हा इतका आनंद झाला की मी तिथेच उभी राहून आईला फोन लावला.

दुपारी अजब बंगला, म्हणजे १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय. सोमवारी बंद असतं, शनिवार-रविवार अडचण नाही. सीताबर्डीचा किल्ला मात्र या बेतात धरू नका. तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच सगळ्यांसाठी उघडतो.

संध्याकाळी फुटाळा तलावावर जाऊन बसा, अंधार पडल्यावर फार रेंगाळू नका, इतकंच. रात्रीचं जेवण हलकं घ्या. सावजी खायचंय ना, ते रविवारी दुपारी. काळ्या मसाल्याचा तो रस्सा रात्री झोपू देत नाही. बारा-साडेबाराला, गर्दीच्या आधी जा आणि फॅमिलीची बाजू मागून घ्या. मटण खात नसाल तर पाटोडी रस्सा मागा. माझ्या मते तोच खरा कस आहे: बेसनाची वडी रश्श्यात भिजली पाहिजे, पण फुटता कामा नये.

रविवारची सकाळ दीक्षाभूमीसाठी राखून ठेवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला ती ही जागा. शाळेत धडा वाचणं वेगळं आणि त्या घुमटाखाली उभं राहणं वेगळं. चप्पल बाहेर काढा, फोन बंद करा, घाई करू नका. सोबत कुणी नसण्याचा खरा फायदा इथे होतो. "चला, उशीर होतोय" म्हणणारं कुणी नसतं. मी तर बोधिवृक्षाखाली बसूनच राहते. शेजारी वर्ध्याची, नांदेडची, कुठकुठली माणसं येऊन बसतात आणि आपणहून बोलायला लागतात.

सावजीनंतर चालवत नाही, तेव्हा मेट्रोत बसा. बर्डीच्या स्टेशनात दोन्ही लाइन मिळतात. लोकमान्यनगरच्या गाडीत खिडकीशी उभ्या राहा, वाटेत अंबाझरी तलाव दिसतो. शेवटपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत या.

परतताना संत्रा बर्फी घ्या, एक डबा घरी, एक ऑफिसात. हिवाळ्यात गेलात तर संत्रीही घ्या, पण पिशवी तुम्हालाच उचलायची आहे हे लक्षात ठेवून. आणि चारच्या सुमारास गणेशपेठला पोहोचा. त्यानंतर होस्टेलची पोरं निघतात आणि चंद्रपूरच्या गाडीत जागा मिळत नाही.